राज्यकर्त्यांची पारख आणि कर्जाची वही

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शंकर नगर, रायपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवाच्या मांडवात कर्जाचा विषय काढणे काहींना अशुभ वाटेल. सुवर्णमहोत्सवात नाट्यगीत शोभते, सावकाराची वही शोभत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही हा विषय आम्ही जाणूनबुजून निवडला आहे. महाराष्ट्रापासून दूर, या रायपुरात दोनदोन तीनतीन पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना जमाखर्चाचे वावडे कधीच नव्हते. आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील रेल्वेत, शाळांत, सरकारी कचेऱ्यांत नोकरीला म्हणून इकडे आले. महिन्याच्या पगारात महिना निभवायचा, सणाला उसनवारी करायची नाही आणि कोणाचे देणे अंगावर ठेवून डोळे मिटायचे नाहीत, ही शिकवण त्यांनी मुलांना दिली. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपल्या घरांत केवळ बोलण्यापुरती नव्हती. ती पाळली जात होती.

हाच गज घेऊन आपण राज्यकर्त्यांनाही मोजू लागतो. अमक्याने सूत्रे हाती घेतली तेव्हा देशावर कर्ज इतके होते, तो पायउतार झाला तेव्हा ते इतके झाले, सबब तो उधळा. तमक्याच्या काळात ते कमी झाले, सबब तो कर्ता पुरुष, असा हिशेब निवडणुका जवळ आल्या की घरोघर ऐकू येतो. अमेरिकेत तर राष्ट्राध्यक्षागणिक कर्जवाढीचे तक्तेच मांडले जातात. हा गज राज्यकर्त्याला लावावा काय, आणि लावायचा तर कसा लावावा, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत आहोत. चालू सरकारच्या धोरणांवर जाहीर टीका करणे आमच्या सेवानियमांत बसत नाही आणि त्याची गुणगाथा गाण्यासाठीही आपण आम्हास येथे बोलाविलेले नाही. म्हणून आमची बहुतेक उदाहरणे इतिहासातील आहेत. त्यात एक सोयही आहे. हयात राज्यकर्त्यांविषयी बोलताना माणसाचे मत आधी ठरते आणि आकडे मागाहून शोधले जातात. इतिहासातील माणसांविषयी निदान तेवढा उतावळेपणा राहत नाही.

प्रथम घराचा आणि राज्याचा फरक पाहू. घरात कर्ज काढणारा आणि फेडणारा बहुधा एकच असतो. राज्यात तसे नसते. कर्ज एक काढतो, खर्च दुसऱ्याच्या हातून होतो, फळ तिसऱ्याच्या कारकिर्दीत दिसते आणि फेड मात्र जनता करीत राहते. आपल्या देशात संविधानाच्या २९२ व्या अनुच्छेदाने भारताच्या संचित निधीच्या तारणावर कर्ज काढण्याचा अधिकार केंद्र शासनाला दिला आहे आणि त्याची मर्यादा ठरविण्याचा अधिकार संसदेला. आपल्या राष्ट्रपतींकडे या बाबतीत बोट दाखविण्यात अर्थ नाही; जबाबदारी मंत्रिमंडळाची आणि त्यांना पैसा मंजूर करणाऱ्या संसदेची. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाचे वजन मोठे खरे, पण तेथेही खर्चाला मंजुरी काँग्रेसच देते. तेव्हा एकाच माणसाच्या नावावर सगळे कर्ज चढवणे हे मुळातच ढोबळ आहे.

परंतु घटकाभर तो ढोबळपणा मान्य करू आणि तो तक्ता काय सांगतो ते पाहू. अमेरिकेच्या इतिहासात राष्ट्रीय कर्ज पूर्णपणे फेडले गेले ते एकदाच, जानेवारी १८३५ मध्ये, अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्ष असताना. या गजाने मोजले तर जॅक्सनएवढा थोर राष्ट्राध्यक्ष दुसरा झाला नाही असे म्हणावे लागेल. पण ती फेड ज्या पैशातून झाली त्यात सरकारी जमिनींच्या विक्रीचा वाटा मोठा होता आणि त्यांतील कितीतरी जमिनींवर पूर्वी मूळ रहिवासी जमाती नांदत होत्या. त्यांना हलविण्याचा कायदा याच जॅक्सनच्या काळात, १८३० साली झाला. शिवाय तो पायउतार होतो न होतो तोच १८३७ साली बँका कोसळल्या आणि देश मंदीत सापडला. आता अब्राहम लिंकनचे पान उघडा. १८६० साली सुमारे साडेसहा कोटी डॉलर असलेले कर्ज १८६५ साली सुमारे २७० कोटींवर गेले, म्हणजे चाळीसपट. तक्त्यात लिंकनचे स्थान अगदी तळाशी. त्या पैशातून देश एकसंध राहिला आणि लाखो माणसे गुलामगिरीतून सुटली, ही नोंद करायला त्या तक्त्यात रकानाच नसतो.

अमेरिका दूरची झाली. आपल्या घरचाच तक्ता मांडू. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली पेशव्यांच्या रोजनिश्यांवर जो निबंध लिहिला, त्यात पेशव्यांच्या कर्जाचा गोषवारा आला आहे. पहिल्या बाजीरावांना स्वाऱ्यांसाठी पैसा उभारताना अतोनात त्रास पडला. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याने जीव मेटाकुटीस आल्याचे पदोपदी दिसते. पुढे नानासाहेबांच्या काळात, १७४० ते १७६० या वीस वर्षांत, सुमारे दीड कोटी रुपयांचे कर्ज उभारले गेले आणि त्यावर शेकडा १२ ते १८ इतके व्याज द्यावे लागे. पानिपताच्या आघातानंतर राज्य सावरणाऱ्या थोरल्या माधवरावांच्या माथी अखेरच्या आजारपणातही २४ लाखांचे कर्ज होते. नाना फडणीसांनी काटेकोर व्यवस्था ठेवून ते काही लाखांवर आणले. आणि दुसरे बाजीराव? त्यांना कर्ज काढण्याची गरजच उरली नाही. उलट त्यांनी खासगी खजिना गच्च भरला.

आता या तक्त्यावरून क्रम लावा. पहिला नंबर दुसऱ्या बाजीरावांचा, शेवटून दुसरा पहिल्या बाजीरावांचा! ज्यांच्या कारकिर्दीत मराठ्यांची घोडी नर्मदा ओलांडून दिल्लीच्या वेशीपर्यंत पोहोचली ते पेशवे नापास, आणि ज्यांनी १८०२ साली वसईचा तह करून स्वातंत्र्य गहाण टाकले व १८१८ साली सालीना आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्ताची वाट धरली ते उत्तीर्ण. हा निकाल कोणताही मराठी माणूस मान्य करणार नाही. तेव्हा गजच कुठेतरी चुकला आहे हे उघड आहे.

कुठे चुकला, हे पाहण्यासाठी दुसऱ्या बाजीरावांचा खजिना कसा भरला ते पाहिले पाहिजे. त्यांच्या राज्यात मामलती मक्त्याने दिल्या जात. जो जास्त रक्कम देईल त्याला परगणा. त्याने ती रक्कम दरबारी भरायची आणि मग रयतेकडून हवी तशी वसूल करायची. वर्ष संपते न संपते तोच दुसरा अधिक बोली बोलणारा उभा राही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या मक्तेदारीने गावांची कशी दुर्दशा केली त्याचे वर्णन आहे. एल्फिन्स्टन हे जेत्यांचे प्रतिनिधी, त्यांच्या लेखणीकडे सावधपणे पाहावे हे खरे. पण मक्त्याच्या पद्धतीविषयी रानड्यांचे मतही निराळे नाही.

याचा अर्थ एवढाच की दुसऱ्या बाजीरावांच्या काळात कर्ज नाहीसे झाले नव्हते. ते दरबारच्या वहीतून निघून रयतेच्या वहीत गेले होते. पेशव्याला सावकार लागत नव्हता, कारण मक्तेदाराचा भरणा करण्यासाठी कुणबी सावकाराच्या ओट्यावर जात होता. ही गोष्ट ज्याने एकदा ध्यानात घेतली, तो पुढे कोणत्याही सरकारच्या शिलकेने दिपून जाणार नाही.

इंग्रजी अमदानीत हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने पुढे आला आणि त्याला उत्तर द्यायला एक मराठी माणूस उभा राहिला. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास, लॉर्ड कर्झन यांच्या अध्यक्षतेखालील कायदेमंडळात, नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी अर्थसंकल्पावरील आपले पहिले भाषण केले. सरकारच्या तिजोरीत त्या वर्षी कोट्यवधींची शिल्लक होती आणि तिचे कौतुक चालले होते. पण मागे दोन भीषण दुष्काळ होऊन गेले होते, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. आपल्या या रायपूर-बिलासपूर मुलखानेही ते दोन्ही सोसले होते. गोखल्यांचे म्हणणे असे की, लोक हलाखीत असताना सरकारपाशी शिल्लक पडणे ही कारभाराची थोरवी नसून कर गरजेपेक्षा जास्त असल्याची खूण आहे. त्यांनी मिठावरील कर कमी करा, शिक्षणावर आणि आरोग्यावर खर्च करा, असा आग्रह धरला आणि वर्षानुवर्षे सोडला नाही. मिठावरील कर मणाला अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया झाला. सरकारची शिल्लक त्या प्रमाणात घटली असेल. पण गरिबाच्या भाकरीबरोबरचे मीठ स्वस्त झाले. राज्यकर्त्याची पारख करायची तर या दोहोंपैकी कोणत्या नोंदीवरून करावी?

याहून भेदक उदाहरण दुसऱ्या महायुद्धाचे आहे. युद्धापूर्वी हिंदुस्थान ब्रिटनचा ऋणको होता. युद्धकाळात येथून माल, सैनिक आणि सामग्री गेली. तिच्यासाठी ब्रिटनने जे देणे लागत होते ते लंडनमध्ये पौंडांत जमा केले आणि त्या जमेच्या आधारावर येथे नोटा छापल्या गेल्या. हिंदुस्थानचे पौंडांतील जुने कर्ज जवळजवळ सारे फिटले. इतकेच नव्हे, युद्ध संपता संपता ब्रिटनच आपले सुमारे १३० कोटी पौंड देणे लागू लागला. कर्जाच्या तक्त्यात याहून उजळ पान शोधून सापडणार नाही. ऋणकोचा धनको झाला! पण त्याच काळात महागाई भडकली, तांदूळ गरिबाच्या हाताबाहेर गेला आणि १९४३ साली बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मेली. दुष्काळ चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख धरली. पुढील अभ्यासकांनी ती ३० लाखांच्या आसपास नेली. त्या दुष्काळाची कारणे अनेक होती, पण लंडनमधली ती जमा आणि येथली ती भूक यांचा संबंध नाकारता येत नाही. येथेही कर्ज फिटले नव्हते. त्याची फेड पोटातून झाली होती.

ज्या वर्षी हे घडले त्याच वर्षी, ऑगस्ट १९४३ मध्ये, रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदी पहिला भारतीय नेमला गेला: चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख. त्यांचे नाव मराठी घरात नवे नाही. पण त्यांचा रायपूरशी संबंध होता, हे आपल्या तरुण मंडळींपैकी किती जणांना ठाऊक असेल? मध्य प्रांतात आय.सी.एस. अधिकारी म्हणून काम करताना, १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात, रायपूर जिल्ह्याच्या जमीनमहसुलाच्या फेरबंदोबस्ताचे काम त्यांच्याकडे होते. धमतरी, महासमुंद, बलौदाबाजार या सर्व तहसिली तेव्हा रायपूर जिल्ह्यातच होत्या. बंदोबस्त म्हणजे गावोगावची जमीन पाहायची, तिचा कस ठरवायचा, मालगुजाराकडून आणि रयतेकडून सरकारने किती घ्यावे ते निश्चित करायचे. राज्याच्या तिजोरीचा उगम शेताच्या बांधावर असतो, हे अशा कामातून जितके कळते तितके कोणत्याही पुस्तकातून कळत नाही.

हेच देशमुख १९५० साली देशाचे अर्थमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात एक करार झाला आणि थोड्याच दिवसांत, मार्च महिन्यात, पोलाद कारखान्यासाठी एका जागेचे नाव निश्चित झाले. ती जागा म्हणजे येथून तासाभराच्या वाटेवरचे भिलाई. हा कारखाना सोव्हिएत कर्जातून उभा राहिला. कर्जाचा व्याजदर शेकडा अडीच आणि फेड बारा वार्षिक हप्त्यांनी. पुढे १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी मंत्रिपद सोडले. ती कथा आपण सारे जाणतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा देशमुख मंत्रिमंडळात नव्हते.

या तीन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या. १९५५ साली कर्ज, १९५६ साली राजीनामा, १९५९ साली पोलाद. देशमुखांच्या नावापुढे तक्त्यात पडले ते देणे. त्याची फळे पडली पुढच्यांच्या कारकिर्दीत. भिलाईच्या रुळांवरून आज देशभर गाड्या धावतात. या मंडळाच्या सभासदांत भिलाईच्या पगारावर ज्यांची शिक्षणे झाली अशी मंडळी असतील. निदान त्यांच्या नात्यागोत्यांत तरी नक्कीच असतील. त्यांना विचारावे की ते कर्ज काढले म्हणून १९५५ चे सरकार नापास करावे काय? नानासाहेबांच्या दरबाराला शेकडा १२ ते १८ द्यावे लागत होते आणि भिलाईला शेकडा अडीच. कर्ज हा शब्द दोन्हीकडे एकच, पण वस्तू निराळ्या.

येथवर ऐकून कोणास वाटेल की आम्ही ऋण काढून सण करणाऱ्यांची वकिली करीत आहोत. तसे मुळीच नाही. कर्जाचा आकडा राज्यकर्त्याची पारख करण्यास अपुरा आहे, याचा अर्थ तो निरर्थक आहे असा होत नाही. पहिल्या बाजीरावांचे कर्ज हा त्यांचा पराक्रम नव्हता. पराक्रमाची ती किंमत होती आणि ती पुढच्या पिढीने भरली. थेऊरला मृत्युशय्येवर असलेल्या माधवरावांच्या अखेरच्या इच्छांत कर्जफेडीचा विषय होता. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी, १७७२ साली, जग सोडून जाणाऱ्या त्या पेशव्याला आपल्या पाठीमागे सावकारांचे देणे राहू नये असे वाटले, यातच त्यांची थोरवी आहे. आकडा मोठा असूनही मराठी मन त्यांना पहिल्या पंक्तीत बसवते, कारण ते देणे त्यांनी आपले मानले.

आणि अलीकडचे १९९१ साल आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. परदेशी चलनाची गंगाजळी दोनतीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. मे महिन्यात २० टन सोने परत घेण्याच्या अटीवर विकले गेले आणि जुलैत सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे गहाण पडले. घरातल्या बाईच्या अंगावरचा दागिना सावकाराकडे जावा, तशी ती घटना देशाला लागली. ज्यांच्या काळात सोने गेले त्यांनीच ते कर्ज केले होते असे नव्हे. परदेशी देणे त्याआधीच्या दशकभर साचत आले होते आणि १९९० च्या आखाती संकटाने तेलाचे भाव चढवून कडेलोट केला. येथेही तक्ता फसवतो. पण कर्ज निरुपद्रवी असते असे म्हणणाऱ्यालाही हे वर्ष उत्तर देते. परक्या चलनात, थोड्या मुदतीने, रोजच्या खर्चासाठी घेतलेले कर्ज एके दिवशी दार ठोठावतेच.

आज परिस्थिती काय आहे? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजात केंद्राचा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये धरला होता आणि त्यात केवळ व्याजापोटी १२.७६ लाख कोटी. म्हणजे खर्चाच्या प्रत्येक चार रुपयांतील सुमारे एक रुपया जुन्या कर्जाच्या व्याजात जातो, मुद्दल वेगळेच. त्याच अंदाजपत्रकाबरोबर मार्च २०३१ पर्यंत केंद्राचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५० टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. तेव्हा ते ५६ ते ५७ टक्क्यांच्या घरात होते. २००३ साली वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा झाला तो अशी शिस्त लागावी म्हणूनच. हे आकडे आम्ही निंदेसाठी अथवा स्तुतीसाठी देत नाही. कर्ज रुपयांत न मोजता उत्पन्नाशी तोलून का मोजावे, हे त्यांवरून ध्यानात यावे एवढाच हेतू आहे. दहा हजार पगारावरचे पाच हजार देणे आणि लाखाच्या पगारावरचे पाच हजार देणे यांतला फरक कोणत्याही गृहिणीला सांगावा लागत नाही.

तर मग पारख कशी करावी? आमच्या अल्पमतीप्रमाणे राज्यकर्त्याच्या कर्जाविषयी चार प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न: कर्ज कशासाठी काढले? ज्यातून पुढे उत्पन्न वाढेल, माणूस वाचेल अथवा देश टिकेल अशा कामासाठी, की आजचा दिवस साजरा करण्यासाठी? २०२०-२१ साली महासाथीत केंद्राची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या नऊ टक्क्यांपलीकडे गेली. व्यवहार थांबले, महसूल आटला, कोट्यवधी घरांना मोफत धान्य द्यावे लागले. अशा वर्षी कर्ज वाढले म्हणून कोणी नाक मुरडणार नाही. दिलेला पैसा योग्य माणसापर्यंत पोहोचला काय, हे मात्र अवश्य विचारावे.

दुसरा प्रश्न: कोणाकडून आणि कोणत्या अटींवर? व्याज किती, मुदत किती, फेड कोणत्या चलनात? भिलाईचे कर्ज आणि १९९१ चे सोने या दोहोंतील अंतर या प्रश्नात आहे.

तिसरा प्रश्न: कर्ज कमी झाले असेल तर कोणाच्या जिवावर? हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, म्हणून तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या बाजीरावांचा खजिना, १९०२ ची शिल्लक आणि १९४३ ची लंडनमधली जमा या तिन्हींचे उत्तर एकच आहे. दुरुस्ती न केलेला कालवा, शिक्षक नसलेली शाळा, औषध नसलेला दवाखाना हेही कर्जच असते. ते वहीत चढत नाही एवढेच.

चौथा प्रश्न: हिशेब उघडा आहे काय? येथे एक अलीकडचे उदाहरण पुरे. छत्तीसगड म्हणजे धानाचा कटोरा. तेव्हा भारतीय अन्न महामंडळाचे नाव आपणास परके नाही. अन्नधान्यावरील अनुदानाचा काही भाग पूर्वी अर्थसंकल्पातून न देता अल्पबचत निधीतून महामंडळाला कर्जरूपाने दिला जात असे. ओझे सरकारचेच, पण तुटीच्या आकड्यात ते दिसत नसे. १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात ही पद्धत बंद करून ते ओझे अर्थसंकल्पातच दाखविले गेले. परिणामी तुटीचा आकडा आणखी मोठा दिसू लागला. नुसता आकडा पाहणारा म्हणेल, कारभार बिघडला. हिशेब वाचणारा म्हणेल, झाकलेले उघडे झाले. राज्यकर्त्यांना आपण केवळ आकड्यावरून शाबासकी देऊ लागलो, तर आकडा झाकण्याची विद्या त्यांना आपणच शिकवू.

कोणत्याही मंडळाचे उदाहरण घ्या. एक खजिनदार आपली मुदत संपताना बँकेत शिल्लक ठेवून जातो; पण पावसाळ्यात सभागृह गळते, ग्रंथालयाची पुस्तके भिजतात आणि बालवर्ग बंद पडलेला असतो. दुसरा सभासदांकडून ठरावीक व्याजाने रक्कम घेतो, छप्पर घालतो, वर्ग सुरू करतो आणि वार्षिक सभेत पैन् पैचा हिशेब वाचून दाखवतो. तिसरा कर्ज काढून भोजनावळी घालतो. नुसत्या वहीवरून पहिला उत्तम ठरतो आणि दुसरा-तिसरा सारखेच दोषी. पण सभेत बसलेल्या कोणासही या तिघांतला फरक कळायला वेळ लागत नाही. मंडळाच्या बाबतीत जो विवेक आपण सहज वापरतो, तो देशाच्या बाबतीत सोडून का द्यावा?

आपल्या परंपरेने माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो असे मानले आहे: देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. त्यात पुढे येणाऱ्यांच्या ऋणाचा उल्लेख नाही, पण पितृऋणाची फेड पुढची पिढी नीट वाढवूनच होते, अशी समजूत आहे. राष्ट्रीय कर्जाचा खरा प्रश्न हाच आहे. जे मूल आज या सभागृहात आईच्या मांडीवर झोपले आहे, त्याला मत नाही. आज काढलेल्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांची फेड मात्र ते मोठे झाल्यावर त्याच्या करांतून व्हायची आहे. तसेच आज न बांधलेल्या शाळेची किंमतही त्यालाच मोजायची आहे. त्याच्या वतीने हिशेब विचारण्याचे काम आपले आहे आणि तो हिशेब एका आकड्यात मावणारा नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच की, पुढच्या वेळी कोणी आपल्यापुढे राज्यकर्त्यांच्या नावांपुढे कर्जाचे आकडे मांडलेला तक्ता ठेवील, तेव्हा तो फेकून देऊ नये आणि त्यावरून निकालही देऊ नये. त्यापुढे चार रकाने आखावे: कशासाठी, कोणत्या अटींवर, कोणाच्या जिवावर आणि उघड की झाकून. हे चार रकाने भरताना आवडत्या पक्षाला सवलत देऊ नये आणि नावडत्याला जास्त व्याज लावू नये. असे केल्यावरही आपली मते भिन्न राहतील, राहोत. पण ती मते विचारपूर्वक बनविलेली असतील आणि लोकशाहीत सरकारकडून वसूल करण्याजोगे पहिले देणे खऱ्या हिशेबाचे असते, याचा विसर आपणास पडणार नाही.

मंडळाने पन्नास वर्षे हिशेबही चोख ठेवला आणि माणसेही जोडून ठेवली. पुढच्या पन्नास वर्षांसाठी आम्ही मंडळास शुभेच्छा देतो.